दुसरी काठी

“हात लावण्याआधी हात धुऊन घ्या,” अनसूयाबाई म्हणाल्या. “मागच्या दाराशी साबण ठेवलाय. डॉक्टरांची तशी शिस्त होती.”

मी हात धुऊन, पुसून परत आलो. तोवर त्यांनी मधल्या खोलीतल्या पलंगावर एक धुतलेलं धोतर पसरलं होतं आणि त्यावर दोन लांबट कापडी पिशव्या शेजारी शेजारी निजवल्या होत्या. एक मळून काळपट झालेली, नाडीच्या जागी सुतळी. दुसरीचा तपकिरी रंग अजून शाबूत, नाडीसुद्धा मूळची.

“बघा,” त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. मी तेव्हा कोल्हापुरात विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करायचो. जळालेल्या गिरण्या, उलटलेले ट्रक, भिजलेली गुळाची गोदामं. कशाची किती किंमत उरली आहे ते सांगायचं, हा माझा धंदा. रविवारी मात्र मी गळ घेऊन पाण्यावर जायचो. आणि माशांपेक्षाही मला वेड होतं ते जुन्या विलायती काठ्यांचं. बांबूच्या सहा बारीक तिकोनी पट्ट्या तासून, एकमेकींना चिकटवून एकसंध केलेली काठी. फायबरच्या काठ्या आल्या आणि ती मागे पडली. अशी काठी मी आयुष्यात एकदाच हातात धरली होती, मुंबईला एका पारशी गृहस्थांच्या घरी, तीही दोन मिनिटं. त्यानंतर किती तरी संध्याकाळी मी माझ्या भाड्याच्या खोलीत जुन्या इंग्रजी मासिकांतली तिची चित्रं बघत बसलो होतो. लग्न झालेलं नव्हतं. विचारणारं कुणी नव्हतं.

गारगोटीच्या दळवी डॉक्टरांकडे अशा दोन काठ्या आहेत, हे मला एका गॅरेजवाल्यानं सांगितलं. भगवंतराव दळवी, जनावरांचे डॉक्टर. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगी बेळगावला दिलेली. अनसूयाबाई घर बंद करून कायमच्या तिच्याकडे निघाल्या होत्या आणि एकेक वस्तू काढत होत्या.

मी आधी मळकी पिशवी सोडली. काठीचे तीन तुकडे बाहेर काढले. प्रत्येक तुकडा डोळ्याला लावून, बंदुकीचा नेम धरावा तसा खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिला. खालचे दोन सरळ होते, शेंड्याचा तुकडा डावीकडे कललेला. मग ते शेजारी शेजारी ठेवले. तिन्ही सारख्या लांबीचे हवेत. शेंडा दोन बोटं आखूड भरला. म्हणजे कधीतरी मोडला होता आणि टोकाची, दोरा ओवायची कडी खाली सरकवून पुन्हा बांधली होती. तुकडे एकमेकांत बसवून ओढले. घट्ट धातूच्या सांध्यातून बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज येतो. इथं काहीच आला नाही. मुठीवरचं बुचाचं आवरण काळं पडलं होतं आणि अंगठ्याच्या जागी चांगला खळगा झाला होता.

“कशी आहे?”

“खूप वापरलीय.”

“दर रविवारी,” त्या म्हणाल्या. “पावसाळा सोडला तर एक रविवार चुकवला नाही. मुलीच्या बारशालासुद्धा पाण्यावरून थेट आले.”

“हिला फारशी किंमत यायची नाही, काकू. शेंडा मोडून आखूड झालाय.”

“जीपच्या दारात सापडला तो. दोन दिवस धड जेवले नव्हते.”

मग मी दुसरी पिशवी सोडली.

आतून अजून व्हार्निशचा वास आला. तीन तुकडे, मधाच्या रंगाचे. नेम धरून पाहिले, तिन्ही ताठ सरळ. लांबी सारखी. कड्या ज्या लाल रेशमी धाग्यानं बांधल्या होत्या त्याचा एक वेढा सुटला नव्हता. सांधा जुळवला आणि ओढला, तर टप्प असा स्वच्छ आवाज आला. माझे कान तापले. मी काठी पूर्ण जोडली आणि हलकेच हलवली. तो झोका मुठीपासून शेंड्यापर्यंत गेला आणि परत माझ्या तळहातात आला. मुंबईच्या त्या दोन मिनिटांनंतर मी ज्याची वाट पाहत होतो ते हेच होतं.

पण काहीतरी चुकत होतं.

गळाचा दोरा रोज घासला की शेंड्याच्या कडीला आतून बारीक खाच पडतेच. मी नख फिरवून पाहिलं. गुळगुळीत. मूठ पाहिली. बिस्किटाच्या रंगाची, घामाचा डाग नाही. आणि ती मूठ बारीक होती. माझी बोटं तिला वळसा घालून तळव्यात रुतत होती. काठीही शेजारच्या काठीपेक्षा आखूड, वजनाला निम्मी. मासिकांत मी अशा काठ्यांबद्दल वाचलं होतं. बायकांच्या हातासाठी म्हणून काही मोजक्या बनवत. संग्रह करणारे लोक त्यांच्यासाठी जीव टाकत.

“ही केव्हा घेतली डॉक्टरांनी?” मी विचारलं.

“दोन्ही एकदमच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मुंबईला गेले होते, तिकडे फोर्टातल्या कुठल्याशा दुकानातून आणल्या.”

“आणि ही घरीच असायची?”

“छे हो! दोन्ही न्यायचे. मी विचारलं होतं एकदा, दोन कशाला? तर म्हणाले, एक मोडली तर दुसरी असावी.”

एक मोडली होती. तरी दुसरीला पाणी लागलेलं नव्हतं. पाहणी करणाऱ्या माणसाला अशा वेळी गप्प बसायची सवय असते. मालक सांगतो ते ऐकायचं, वस्तू सांगते ते लक्षात ठेवायचं. पण अनसूयाबाई माझ्याकडेच बघत होत्या.

“तुमचा चेहरा का उतरला? खोटी आहे का?”

“नाही. अगदी अस्सल आहे.”

“मग किंमत सांगा.”

मी सांगितली. माझ्या ऐपतीच्या बाहेरची होती, पण खरी होती. मुंबईत एवढी सहज आली असती. त्या चकित झाल्या.

“एवढी? आणि तिला काहीच नाही? सारख्याच तर आहेत दोन्ही.”

“सारख्या नाहीत, काकू. ही वापरलेलीच नाही.”

“वापरली कशी नाही? तीस वर्षं नेलीय.”

“नेली असेल. पण हिच्यातून दोरा कधी गेलेला नाही.” मी दोन्ही शेंडे त्यांच्यापुढे धरले. “कडीच्या आत नख फिरवून बघा. ही आधी. आता ही.”

त्यांनी फिरवून पाहिलं. मग पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.

“म्हणून किंमत जास्त?”

“म्हणून, आणि ही बायकांसाठी केलेली आहे म्हणूनही. अशा फार थोड्या निघाल्या.”

बोलून गेलो आणि मग मला कळलं मी काय बोललो ते.

“कुठल्या बाईसाठी?” त्या म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. बाहेर शेजारच्या अंगणात कुणीतरी कपडे आपटत होतं, तेवढाच आवाज. अनसूयाबाईंनी काठी माझ्या हातातून घेतली नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. पदर खांद्यावरून घेऊन त्या उठल्या, दाराच्या मागे टांगलेली डॉक्टरांची खाकी पिशवी काढली. तिच्यात रीळ, दोरे, गळ असं सगळं होतं, ते वर्षभर कुणी हलवलं नव्हतं.

“स्कूटर आहे ना तुमची?”

“आहे.”

“मला धरणावर न्या. ते जिथं बसायचे तिथं. जसं ते न्यायचे तसं सगळं बरोबर घ्या.”

मी म्हणालो, ऊन आहे, उद्या गाडी आणतो. त्यांनी ऐकलं नाही. साठीला टेकलेल्या बाई, त्या माझ्यामागे एका बाजूला पाय सोडून बसल्या. दोन्ही पिशव्या त्यांनी मांडीवर उभ्या धरल्या होत्या, झेंडे धरावेत तशा. बाजारपेठेतून जाताना लोक वळून बघत होते. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या.

“तीस वर्षांत इथवर कधी आले नाही मी.”

धरणाच्या वरच्या अंगाला, पाणी जिथं आंब्याच्या झाडांत शिरतं, तिथं सिदू भोई याची खोप होती. सिदू होडीतून लोकांना पलीकडे सोडायचा. मी त्याला तोंडओळखीनं जाणत होतो. तो जाळं नीट करत बसला होता. पिशव्या बघून ताडकन उठला, आणि मग पिशव्यांमागची बाई बघून त्यानं डोक्याचा टॉवेल काढला.

“वैनीसाब? तुमी?”

“ओळखता मला?”

“वळखणार न्हाई व्हय? म्हस आडली हुती तवा आलो हुतो न्हवं का घरला. तुमीच चा दिला हुता.”

अनसूयाबाई थांबल्या नाहीत. “डॉक्टर कुठं बसायचे?”

सिदूनं दाखवलं. आंब्याचं एक जुनं झाड पाण्यावर कललं होतं. त्याच्या मुळांपाशी एक सपाट दगड होता. त्या तिथं गेल्या, दगडाजवळ उभ्या राहिल्या, पाण्याकडे पाहिलं. मग विचारलं. घरापासून तोच प्रश्न घेऊन त्या आल्या होत्या, आणि तो त्यांनी सरळ विचारला.

“सिदू, त्यांच्याबरोबर इथं कोण यायचं?”

“कोन न्हाई. सायब एकलंच.”

“खरं सांगा. मला राग नाही यायचा आता.”

“आईच्यान एकलंच, वैनीसाब. मी असायचो तेवढाच.”

“मग ही दुसरी काठी कुणाची?”

सिदू माझ्याकडे बघायला लागला, मग त्यांच्याकडे. प्रश्न आपल्याला नीट ऐकू आला की नाही असा त्याचा चेहरा झाला.

“कुनाची म्हंजे? तुमचीच की.”

अनसूयाबाईंनी पहिल्यांदाच त्या तपकिरी पिशवीकडे नीट पाहिलं.

“एक काठी पान्यात, न् ही झाडाला टेकून ठिवायची,” सिदू सांगू लागला. “आल्यावर पैली हीच काढायचं, धोतरानं पुसायचं, जोडायचं, न् ठिवून द्यायचं. जाताना परत पिशवीत. म्या म्हनायचो, सायब, ती मोडकी कशाला वापरताय, ह्या नव्या काठीनं टाका की गळ. तर म्हनायचं, ती घरच्यांची हाय. त्या आल्या की टाकतील.”

“असं म्हणायचे?”

“धा येळा म्हनलं असंल. मी एकदा इचारलं बी, मग आना की वैनीसाबास्नी. तर नुसतं हसायचं. म्हनलं, त्यांस्नी उनात बसायला न्हाई आवडत.”

अनसूयाबाई त्या दगडावर बसल्या. सिदू पाणी आणायला खोपीकडे पळाला. मी दोन पावलं मागे सरकलो. अशा जागी परक्या माणसानं काय करायचं असतं, मला कळेना. त्या बोलल्या ते पाण्याकडे बघतच.

“मीच म्हटलं होतं तसं. लग्नाच्या पहिल्या वर्षी. सकाळी निघताना म्हणाले, येतेस का पाण्यावर? सासूबाई तिथंच तांदूळ निवडत बसलेल्या. त्यांच्यादेखत असं विचारतात का कुणी? मला भुईत शिरावंसं वाटलं. म्हटलं, मला नाही आवडत उन्हात बसणं.”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

“खूप आवडलं असतं हो. पुन्हा विचारलं की हो म्हणायचं, असं ठरवूनच ठेवलं होतं. सासूबाई गेल्या, मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं. घरात दोघंच. आता विचारतील म्हणायची मी. ते काही विचारेनात.”

“तुम्ही कधी म्हणाला नाहीत?” माझ्या तोंडून गेलं.

“त्यांनी विचारल्याशिवाय कशी म्हणणार?” त्या म्हणाल्या. मग दगडावर हात फिरवत, “दर रविवारी दोन्ही पिशव्या खांद्याला लावून दारात उभे राहायचे. येतो मी, म्हणायचे, आणि उभेच. मी म्हणायची, काही राहिलं का? नाही म्हणायचे. तरी क्षणभर उभेच. मला वाटायचं, खिसे चाचपतायत. माणूस असा दारात उभा राहतो तो कशाला, हे मला...”

सिदू तांब्या घेऊन आला. त्या पाणी प्यायल्या, राहिलेलं डोळ्यांवर मारलं, आणि उठून माझ्यासमोर आल्या.

“ही जोडा,” त्या म्हणाल्या. “दोरा, गळ, जे काय लागतं ते लावा.”

मी पिशवी हातात घेतली आणि तसाच राहिलो. लोभ म्हणा. तीस वर्षं कोरी राहिलेली काठी. अशी दुसरी मला या जन्मी दिसणार नव्हती.

“काकू, एकदा दोरा गेला की कोरी राहणार नाही. सांगितलेली किंमत येणार नाही मग.”

“किंमत कळली मला,” त्या म्हणाल्या. “आता जोडा.”

मी जोडली. डॉक्टरांच्या पिशवीतलं रीळ बसवलं, दोरा एकेका कडीतून ओवत शेंड्यापर्यंत नेला. शेवटच्या कडीतून दोरा बाहेर आला तेव्हा ती काठी माझी होण्याची शक्यता संपली, हे मला अगदी स्वच्छ कळलं. बुचाचा तरंगणारा तुकडा बांधला, बारीक गळ बांधला. सिदूच्या बायकोनं कणकेचा गोळा आणून दिला. तो अनसूयाबाईंनी बोटांत दाबून पाहिला.

“सैल आहे. विरघळेल पाण्यात,” त्या म्हणाल्या, आणि तळहातावर घेऊन मळायला लागल्या. “त्यांची कणीक मीच मळून द्यायची. हिंग घालून, घट्ट.”

“त्येच्यामुळंच लागायचं मासं,” सिदू म्हणाला.

“घरी तर कधी आणले नाहीत फारसे.”

“सोडून द्यायचं की. तुमास्नी मासं साफ करायला लागतील म्हून.”

त्यावर त्या एकदम हसल्या. रडता रडता हसू फुटावं तसं. सिदूही हसला, आणि मग तोंड फिरवून जाळ्याकडे गेला.

ती काठी मला मिळाली नाही. अनसूयाबाई त्या वर्षी बेळगावला गेल्या नाहीत, पुढच्याही वर्षी गेल्या नाहीत. रविवारी जमेल तेव्हा मी त्यांना धरणावर नेत असे; मी नसलो की त्या एस. टी. नं जात. त्यांनी किती तरी मासे धरले, एकदा तर महसीर जातीचा एक दांडगा मासा असा लागला की सिदूला कमरेभर पाण्यात उतरावं लागलं. अखेर गुडघे थकले तेव्हा त्या दोन्ही काठ्या घेऊन मुलीकडे गेल्या. जाताना मोडक्या शेंड्याची मला देऊ करत होत्या. मी घेतली नाही. जोडी फोडायची कशाला, म्हटलं. आता त्या नाहीत. काठ्या मुलीच्या घरी आहेत. दोघींच्या कड्यांना खाचा आहेत, दोघींच्या मुठी काळ्या आहेत. मुंबईचा कुणी संग्राहक त्यांच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. माझंही वय झालं, पण अजून कधी पाण्याकाठी बसलो की मला तो पहिला दिवसच दिसतो.

मी त्यांच्या हातात काठी दिली. ती बारीक मूठ, जिच्यात माझी बोटं रुतत होती, त्यांच्या मुठीत नेमकी बसली. बांगड्या मागे सारून त्यांनी ती धरली. कशी मागे घ्यायची, कशी पुढे सोडायची, मी दाखवलं. पहिल्या फेकीला गळ आंब्याच्या फांदीत अडकला. दुसऱ्या फेकीला पायाशी पडला. तिसऱ्या वेळी काठी सुंदर वाकली, दोरा सरसरत कड्यांतून गेला आणि बूच पार लांब, सावली संपून ऊन सुरू होतं तिथं, पाण्यावर टेकलं. वर्तुळं उठली, मोठी झाली आणि विरली. अनसूयाबाई काठी तशीच पुढे धरून उभ्या होत्या.

“आता काय करायचं?” त्यांनी हळूच विचारलं.

“आता काही नाही, काकू. आता वाट बघायची.”

“ते येतं मला,” त्या म्हणाल्या, आणि दगडावर एका बाजूला सरकून, शेजारची जागा मोकळी ठेवून बसल्या.